वहिनीचा तिसरा नको

वहिनीला एखादी गोष्ट हवी असली की ती आधी दोनदा नको म्हणायची. सुरमईची तुकडी ताटाजवळ नेली की तिचा हात आडवा यायचा. पुन्हा विचारलं की नुसती मान हलायची, हात मागे गेलेला असायचा. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायची, "घाल तर मगे, नायतर तुझो हात दुखात."

हे तिचं शास्त्रच होतं. मी लहान असताना एकदा तिला विचारलं होतं, हवं असतं तर आधीच हो का म्हणत नाहीस? भाकरी थापता थापता तिने सांगितलं, "पयलो नको लोकांक दाखवूक, दुसरो आपल्या मनाक दटावूक. तिसरो तेवढो खरो." दुसऱ्यांनाही ती हाच न्याय लावायची. आमच्या दारात आलेल्या पाहुण्याला तीनदा विचारल्याशिवाय तिने कधी सोडलं नाही. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा तिच्या लेखी हावरा, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा खरोखर पोट भरलेला.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन मुलुंडला आमच्या खोलीत आली तेव्हा मी पाचवीत होतो, आणि आमची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. दादा कारखान्यात दोन पाळ्या करायचा, त्यामुळे मला वाढवलं ते वहिनीनेच. पुढे दादा अकाली गेला. मूल नव्हतं. ती माझ्याकडेच राहिली, आणि माझी बायको गेल्यावर घर पुन्हा तिच्याच हातात आलं. मी पंच्याहत्तरीला पोचलो तरी तिच्या तोंडी 'बाळू'च राहिलो. सोसायटीच्या मीटिंगला निघालो की खिडकीतून ओरडायची, "बाळू, मफलर घे रे." खाली उभी असलेली कमिटी हसायची.

माझी सून केतकी घरात नवी असताना वहिनीला एकदाच विचारायची आणि पातेलं आत न्यायची. आठवडाभर वहिनी अर्धपोटी जेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सून चांगली आसा, पण लय सरळ." मी केतकीला नियम समजावला. ती म्हणाली, "बाबा, मग एका दमात विचारून टाकू का? घ्या, घ्या, घ्या?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "तसा नाय चलत गो. मधी जरा वाट बघूची लागता."

हे मधलं वाट बघणं लक्षात ठेवा. पुढे मला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

वहिनीचं माहेर वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत. पुढे पुळण, मग माड, माडांच्या मागे घर. तिच्या लहानपणी मुंबईची बोट रोज तिथून दिसायची. वहिनी आणि तिची भावंडं पुळणीवर उभी राहून बोटीला हात करायची. बोटीतून कुणी हात करतंय का ते इतक्या लांबून दिसत नसे, तरी करायची. लग्नानंतर ती त्याच बोटीने मुंबईला आली. पण तिला जागा मिळाली खालच्या डेकवर, इंजिनाजवळ, गाठोडी आणि आंब्याच्या करंड्यांच्या मध्ये. उलट्यांनी ती इतकी हैराण झाली की मान वर करून बाहेर बघणं झालंच नाही. पुढे बोटी बंद पडल्या, एसटीने जाणं-येणं सुरू झालं. पण कधी भांडी घासताना, कधी टीव्हीवर समुद्र दिसला की ती एवढंच म्हणायची, "बोटीतल्या माणसांक आमचा घर कसा दिसत असात रे?"

हे वाक्य मी साठ-पासष्ट वर्षं ऐकत आलो. उत्तर द्यायची गरज मला कधी वाटली नाही.

माझ्या पंच्याहत्तरीला निलेशने, माझ्या मुलाने, क्रूझचं बुकिंग केलं. मुंबई ते गोवा आणि परत. दोन केबिन, एक त्याची आणि केतकीची, एक वहिनीची आणि माझी. दोन्ही आतल्या, बिनखिडकीच्या. वहिनीने गोवा वगैरे काही विचारलं नाही. "वेंगुर्ल्यावरून जातली?" एवढंच विचारलं. जाताना रात्र असेल, पण येताना संध्याकाळी जाईल, असं निलेशने सांगितलं. त्या दिवशी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं.

निघायच्या आठवड्यात एजंटचा फोन मला आला. बाल्कनीची एक केबिन रिकामी झाली होती. समुद्राकडे उघडणारा दरवाजा, बाहेर दोन खुर्च्या. वरचे पैसे भरले तर आमची केबिन बदलून मिळणार होती, आणि येताना किनाऱ्याचीच बाजू. वरचे पैसे मूळ तिकिटाइतकेच होते. संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाला.

निलेश ऑफिसला जाता जाता म्हणाला, "बाबा, तुम्हीच ठरवा ना. काकीला विचारा. हवी असेल तर घेऊन टाकू, मी भरतो."

"तू कशाला? मी भरीन," मी म्हणालो. आणि मग दिवसभर मला तेच जड वाटायला लागलं.

मी पार्कात गेलो. आमचा कट्टा तिथे जमतो. शहा म्हणाला, "अरे, बाल्कनी तर घरी पण आहे ने. दोन रात्र झोपायचं, अंधारात काय बघणार? डेक फुकट आहे, जेवण फुकट आहे. केबिनमध्ये बसतो कोण?" सगळे हसले. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त गायकवाड हसला नाही. तो म्हणाला, "बाळू, तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांना डेकच्या गोष्टी सांगू नकोस. आमची ही चार पायऱ्या चढायच्या म्हणून लग्नाला जात नाही. घेऊन टाक गपचूप." मला शहाचं बोलणं पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं. पैसे नव्हते असं नाही. आयुष्यभर स्टोअरकीपर होतो. मागणी आली की आधी ती नाकारता येते का ते बघायचं, ही सवय निवृत्त होऊनही सुटली नव्हती.

घरी आलो तेव्हा वहिनी अळूच्या देठांच्या शिरा काढत बसली होती. मी सगळं सांगितलं. किनाऱ्याची बाजू आहे, हेही सांगितलं. मग विचारलं, "घेऊया का बाल्कनीची केबिन?"

"माका बाल्कनी कित्याक? थंय काय कपडे वाळत घालूचे आसत?"

मी हसलो. "तसं नाही. बसून समुद्र बघता येईल. घेऊया?"

"नको रे बाळू. तुझे पैशे तुझ्याकडेच रवांदेत."

आणि तिचे हात थांबले. देठ एका हातात, सुरी दुसऱ्या हातात. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ताटाजवळ पळी तिसऱ्यांदा येणार असली की ती असंच बघायची. मी तो चेहरा लहानपणापासून ओळखत होतो. जगात दुसरं कुणी ओळखत नसेल इतका.

मी म्हणालो, "बरं."

तिने क्षणभर तसंच बघितलं, मग पुन्हा देठ सोलायला लागली. मी एजंटला फोन केला. संध्याकाळी निलेशला सांगितलं, "काकी नको म्हणाली." त्याने विचारलं, "किती वेळा?" थट्टेतच विचारलं होतं त्याने. मी म्हणालो, "अरे, स्वच्छ नको म्हणाली."

बोटीवर ती खूष होती, हेही लिहिलं पाहिजे. आमच्या केबिनमध्ये पलंगाच्या बाजूला भिंतभर पडदा होता. तिने आल्या आल्या तो सरकवला. मागे भिंतच. "पडदो आसा, खिडकी नाय. ह्या बरा. पुसूची भानगड नाय," म्हणाली. जेवणाच्या हॉलमध्ये एक तरुण वेटर हसून विचारायचा, "मॅडम, मोअर फिश?" वहिनी हात आडवा करायची आणि तो पुढच्या टेबलाकडे जायचा. तीन वेळा असं झाल्यावर ती केतकीला म्हणाली, "एवढी मोठी बोट, पण इचारूक कोणाक येना नाय." केतकीने उठून स्वतः तिचं ताट भरून आणलं. मी माझ्या ताटात बघत राहिलो.

गोव्यात फिरायच्या बसमधून उतरताना तिचा गुडघा मुरगळला. फार नाही, पण सुजला. दुपारी बोट परत निघाली. वहिनी केबिनमध्ये पाय वर करून पडली होती, पण डोळे घड्याळाकडे. तेव्हा मला कळलं की तिने गावाला भाच्याला फोन करून ठेवला होता. घराच्या छपरावर मोठा हॅलोजन बांध आणि दिवे लागायच्या आधीच पेटव, असं सांगितलं होतं. "बारीक ठिपको दिसलो तरी पुरे," ती म्हणाली. "आमचो कुठलो ता कळात तरी."

उजेड ओसरायला लागला तसे आम्ही निघालो. लिफ्टने वर गेलो. ती माझ्या आणि निलेशच्या खांद्यांवर भार देऊन चालत होती. वर डेकच्या दारात एक माणूस उभा होता. वारा वाढल्यामुळे डेक बंद केला होता. निलेशने विनंती केली, आवाज चढवला, पुन्हा विनंती केली. तो माणूस नम्र होता. हात जोडून सॉरी म्हणत होता, आणि दार काही उघडत नव्हता. त्याचंही बरोबर होतं. बाहेर खुर्च्या घसरत होत्या.

मग जेवणाच्या हॉलकडे गेलो. तिथे किनाऱ्याच्या बाजूला मोठ्या काचा होत्या. एका टेबलावरच्या बाईंनी वहिनीला बघून लगेच खुर्ची दिली. पण काचेवर बाहेरून पाण्याचे तुषार सुकून पांढरा थर बसला होता, आणि आत झुंबरं लखलखत होती. वहिनी काचेला नाक लावून बसली. हाताचा आडोसा केला. मीही केला. बाहेर काळोख, आणि त्या काळोखात झुंबरं, टेबलं, ताटं, आम्ही. निलेशने मॅनेजरला दिवे मालवायला सांगितलं. तोही सॉरी म्हणाला.

वहिनी म्हणाली, "ह्याच्यात मीच दिसतंय रे."

तिने काचेवरून हात खाली घेतले. मग ती म्हणाली, "चल, खाली जावया."

आमच्या केबिनकडे जायच्या रस्त्यात एक लांबच लांब बोळ होता. एका बाजूला बाल्कनीवाल्यांची दारं. एक दार अर्धवट उघडं होतं, आतून वाऱ्याचा झोत आला आणि पलीकडे कठड्यावर टेकलेला कुणाचा तरी हात दिसला. निलेश त्या दाराकडे वळला होता. वहिनीने त्याचा शर्ट धरला. "नको रे, त्यांच्या घरात कित्याक जातंस?"

केबिनमध्ये तिला पलंगावर बसवलं, निलेश बर्फ आणायला गेला. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. भाचा होता. ती फोन कानापासून लांब धरून बोलायची, त्यामुळे त्याचा आवाज मलाही आला.

"आत्ये, बोट दिसता माका! सगळी लायटी दिसतत! हॅलोजन दिसलो काय?"

वहिनी समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "दिसलो रे. झकास दिसलो. माडांच्या मधी. आता मालव तो, बिल येतला."

फोन ठेवून तिने पदराने चष्मा पुसला. मी तिच्या पायाशी बसलो होतो. मग मी विचारलं, "वहिनी, ती बाल्कनी घ्यायला हवी होती का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी हे विचारीन म्हणून ती आठवडाभर वाट बघत होती की नव्हती, ते मला तेव्हाही कळलं नाही.

"नको," ती म्हणाली. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पाचवीतल्या मुलाच्या फिरवावा तसा.

पुढचा पावसाळा लागायच्या आधीच ती गेली. झोपेत, फार त्रास न होता. भेटायला आलेल्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. बाळूभाऊ, तुम्ही आईसारखं सांभाळलंत, म्हातारपणी क्रूझवर नेलंत, तिचं गाव तिला समुद्रातून दाखवलंत. गावाहून आलेल्या भाच्यानेही तेच सांगितलं. आत्येने फोनवर सांगितलं होतं ना त्याला. निलेश एकदा म्हणाला, "आपण बाल्कनी घ्यायला हवी होती." लगेच केतकी त्याला म्हणाली, "अरे, पण काकी स्वतःच नको म्हणाल्या होत्या ना. बाबांनी विचारलं होतं." दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तिने तिचं घर समुद्रातून बघितलं नाही. भाच्याने पेटवलेला दिवा आमच्यापैकी कुणालाच दिसला नाही. तिला विचारलं होतं हे खरं, पण दोनदाच. आणि दोनदा विचारणं म्हणजे आमच्या घरात न विचारणंच होतं.

राहिला तो तिसरा, केबिनमधला. तिच्या हिशोबाने तिसरा नको तेवढा खरा. जन्मभर तिने हा नियम मोडला नाही, आणि माझं समाधान व्हायला तो पुरायला हवा. पण तिच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या नकोंमध्ये मला खोटा वाटतो तो तेवढा एकच. आणि आता तिला पुन्हा विचारता येत नाही.