गिरणीवाल्याची संकष्टी

बोरी बुद्रुकमध्ये कुणालाही विचारा, गोकुळची गिरणी कुठंय? लोक रस्ता दाखवतील आणि वर बजावतील, "दळण ठेवा अन् निघा राव. थांबलात तर देव हाय का नाय, त्येच्यावर भाषान ऐकावं लागंल." तो गोकुळ मीच.

गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतं. त्यामुळं माझा नास्तिकपणा सगळ्या आळीला तोंडपाठ आहे. एकदा वाद ऐन रंगात आला आणि लाइट गेली. गिरणी थांबली, मी थांबलो नाही. "असला तर दाखवा की मला!" असं त्या शांततेत मी बोंबललो. शेजारच्या दुकानातून आदेशनं ओ दिली, "काय दाखवू?" तेव्हापासून चहाच्या टपरीवर मी गेलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "दाखवा रे ह्याला."

माझी बायको तेजस्विनी देवापुढं दिवा लावते आणि कामाला लागते. ती मला म्हणायची, "अहो, मी दिवसातून एकदा नाव घेते देवाचं. तुमी तर दिवसभर त्याचंच नाव घेता. जो नाहीच, त्याच्याशी एवढं कसलं भांडण?" मी तिला समाज, विज्ञान, प्रबोधन असं बरंच ऐकवायचो. ती भाकरी थापत राहायची. खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. या वादात हरायची भीतीच नव्हती. देव काही गिरणीत येऊन मला उत्तर देणार नव्हता, आणि माणसांपेक्षा माझा आवाज मोठा होता.

पण गंमत बघा, उपासाचं दळण आख्ख्या गावातून माझ्याकडंच येतं. भगर-राजगिऱ्यात बाजरीचं किंवा गव्हाचं पीठ मिसळलं तर उपास मोडतो. म्हणून आधी गिरणी उघडून कुंच्यानं झाडायची. मग मूठभर भगर टाकून फिरवायची. ते पहिलं पीठ कोंबड्यांच्या डब्यात टाकायचं आणि मगच गिऱ्हाइकाचं दळण घ्यायचं. हे मी काटेकोर करतो. "मेला देव मानत नाय, पण उपास मोडू देत नाय," असं बाया माझं कौतुक करतात. मलाही ते आवडतं. कशाला खोटं बोलू?

या सगळ्यांत कुशामावशी माझी सगळ्यात जुनी वैरीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं काटकुळी, पण वादात मागं हटायची नाही. तिची नात हर्षाली कळंबला दिलेली. तिची दोन गरोदरपणं अर्ध्यात गेली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मावशीनं लेण्याद्रीच्या गणपतीला बोलून ठेवलं, एकवीस संकष्ट्या करीन, पण पोरीची कूस भरू दे. शुगर आहे, डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून सांगितलंय, तरी म्हातारीनं एक संकष्टी चुकवली नाही. या वेळी हर्षालीला आठवा लागला होता आणि मावशीची विसावी संकष्टी होती.

त्या सकाळी दादाभाऊंची बाजरी नुकतीच दळून झाली होती, तेवढ्यात मावशी भगरीचा डबा घेऊन आली. मी लगेच सुरू झालो.

"मावशी, हर्षालीला गोळ्या कोण देतं? डॉक्टर. इंजेक्शन कोण देतं? डॉक्टर. आन् उपास गणपतीचा?"

"डाक्टरला सुचवतंय कोण रं?" मावशी म्हणाली.

"मग पहिल्या दोन वेळंला का नाय सुचवलं?"

मावशीनं नुसता डबा पुढं केला. मी भगर दळून डब्यात पीठ भरून दिलं, तिनं डबा पदराखाली घेतला आणि ती निघून गेली. मी जिंकलो होतो. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी चक्क शीळ घातली.

तासाभरानं कोंबड्यांना टाकायला त्यांचा डबा उचलला, तर डबा रिकामा. कुंचाही खिळ्याला जसाच्या तसा टांगलेला. वाद घालण्याच्या नादात मी गिरणी झाडलीच नव्हती. दादाभाऊंच्या बाजरीवरच मावशीची भगर दळली होती.

गिरणी बंद केली आणि मावशीच्या घराकडं पळालो. चप्पल एक पायात, एक वाटेत. पळता पळता मनाला समजावत होतो, अरे गाढवा, तुझ्या मतानं तर काहीच झालेलं नाही. चिमूटभर बाजरी म्हातारीच्या पोटात गेली, त्यात कुणाचं काय बिघडतंय? सगळं पटत होतं, आणि तरीही मी पळतच होतो.

मावशी चुलीपुढं बसली होती. ताटलीत थालीपीठ, त्याचा एक तुकडा मोडलेला.

"बाजरी हाय ह्यात," ती म्हणाली. "घास गिळला आन् मग कळलं."

"मावशी, चुकलो. बोलण्याच्या नादात गिरणी झाडायची राहिली."

मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ताटली बाजूला सारली.

"गोकुळ, तू रोज म्हणतो देव नाय. आज मला खरं सांग. नाय ना? म्हंजे माझा उपास मोडला म्हणून पोरीवर कुणी कोपणार नाय ना?"

इतकी वर्षं मी वाद घातला, पण मला कुणी असं विचारलं नव्हतं. हरवायला नाही, खरोखर कळावं म्हणून. माझं उत्तर तिला हवं होतं, आधाराला हवं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"नाय मावशी," मी म्हणालो. "कुणी नाय. हर्षालीला काय होणार नाय."

मावशीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "पयलं तुला ठाव आसंल बाबा. पर दुसरं कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तसं व्हावं असं मला फार वाटत होतं, एवढंच.

"आता पुन्ना एकपास्नं धराव्या लागत्याल," ती पुटपुटली. तिची ती अवस्था मला बघवेना.

"तू नाय धरायच्या. शुगर हाय तुला. मी धरतो."

"तू? आरं, तू तर मानत बी नाय!"

"उपाशी राहायला देव कशाला लागतो? चूक माझी, उपास माझा."

"देवाला चालंल व्हय आसलं?"

"चालंल. नायतर पाठव त्याला गिरणीत, मी बोलतो."

मावशी डोळ्यांत पाणी असताना हसली. मी गिरणीत जाऊन ती आधी झाडली, कोंबड्यांची मूठ काढली आणि तिला नवीन भगर दळून दिली. त्या दिवशी रात्री मी, गावातला एकमेव नास्तिक, गच्चीवर उभा राहून चंद्र उगवायची वाट बघत होतो आणि ढगांना शिव्या देत होतो. पोटात कावळे ओरडत होते. खालून तेजस्विनी विचारत होती, "दिसला का हो?"

माझी तिसरी संकष्टी झाली आणि त्याच आठवड्यात हर्षालीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. मावशी पेढे घेऊन गिरणीत आली. "बघ, दिलं का नाय देवानं?" मी म्हणालो, "डॉक्टरनं." लगेच जुंपली. दादाभाऊ पायलीभर बाजरी घेऊन ताटकळत उभे राहिले.

पुढची संकष्टी आली. मी सकाळी चहा घेऊन न्याहारीला नको म्हणालो, तशी तेजस्विनी समोर येऊन उभी राहिली.

"बाळ झालं. तुमचा विश्वास कधीच नव्हता. मग आता उरलेल्या अठरा कशाला? सोडा की."

मी आधी दाराबाहेर कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणालो, "मधीच सोडलं आन् त्या लेकराला काय झालं म्हंजे?"