फोटोत नसलेला हळद्या

गोंदियाच्या फलाटावर बालाघाटची छोटी गाडी उभी होती. सासरची मंडळी ट्रंका चढवत होती आणि माझे बाबा घरून आणलेलं पाणी माझ्या ओंजळीत ओतत होते. "पिऊन घे पोटभर. मंग तिकडचंच प्या लागन." मी रडत होते, निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. तुम्ही कधी याल, असं विचारलं तर म्हणाले, "येईन ना. पण लेकीच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी घेत नाही. रीत आहे आपली."

आदल्याच वर्षी राज्यं वेगळी झाली होती. वैनगंगेकाठचं आमचं गाव मुंबई राज्यात गेलं, माझं सासर मध्य प्रदेशात राहिलं. नवरा मँगनीजच्या खाणीत हापिसात होता. घर बरं होतं. मागे सांदवाडी, तिच्यात विहीर आणि मोहाचं मोठं झाड. शेजारणी हिंदी बोलणाऱ्या. मीही भाजीवाल्याशी "कैसे दिया भैया" करायला शिकले. पण कोणी "आपका गाँव कौन-सा?" विचारलं की मी माहेरचं, तिरोड्याकडचंच नाव सांगायची. बालाघाट म्हणजे फक्त पत्रावरचा पत्ता. तिकडून लग्न होऊन इकडे आलेल्या माझ्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

मूल मात्र झालं नाही. औषधं झाली, नवस झाले. त्याचं दुःख होतंच, पण त्यातून दुसरं एक निघालं, ते जास्त टोचायचं. लेकरू नाही म्हणून रीतही संपत नव्हती. बाबा गोंदियाच्या बाजारापर्यंत यायचे आणि तिथूनच परत फिरायचे. माझ्या दाराशी आल्यावर पाण्याला नाही म्हणावं लागेल, हे त्यांना सोसणार नव्हतं. मलाही नसतं सोसलं.

होळी झाली, मोह फुलला की हळद्या पक्षी येतो. पिवळाधम्मक, डोळ्यांत काजळ घातलेला. माहेरी तो आला की बाबा आम्हां सगळ्यांना चुलीपासून उठवून बाहेर बोलवायचे, "पाव्हणा आला, चला!" एका होळीनंतर माझ्या मोहावर तीच शीळ ऐकू आली. मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. नवऱ्याने बदलून गेलेल्या एका साहेबाकडून डबा कॅमेरा घेतला होता, पोटाशी धरून वरून पाहायचा. मी हळद्याचे फोटो काढले. धुऊन आले तेव्हा शेजारीण म्हणाली, "भाभी, इसमें चिड़िया कहाँ है?" नुसती पानं आणि एक ठिपका. तरी हौसेने त्यातला एक गावी पाठवला. बाबांनी उलट टपाली लिहिलं, "हळद्या आहे का माशी बसली, समजून नाही राह्यलं. याच लागन पाहाले."

आणि खरंच आले. एका खांद्याला शिदोरी, दुसऱ्या खांद्याला पाण्याने भरलेली छागल. जावयाने आत बोलावलं तर, "इथंच बरं आहे. झाड काही घर नोहे," म्हणून मोहाखाली बाजेवर बसले. छागल विहिरीच्या खांबाला अडकवली. आल्यागेल्याला पाणी द्यायचं या सवयीने मी विहिरीच्या पाण्याचा गडू बाजेजवळ ठेवून गेले. मग माझंच मला उमगलं, पण उचलायला मन झालं नाही.

ऊन चढलं आणि हळद्या आला. बाबांची मान वर. मी कॅमेरा घेऊन समोर उभी. वर पाहतापाहताच त्यांचा हात खाली चाचपडला, गडू सापडला, त्यांनी तोंडाला लावला. कॅमेऱ्याच्या काचेत मला ते दिसत होतं. मी बटण दाबलं. त्यांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "मादी बी आहे वं सोबत."

स्टेशनावर जाईपर्यंत मी नुसती हळद्याबद्दलच बोलत राहिले. ध्यानात आलं तर किती हळहळतील! बाबा गाडीत खिडकीशी बसले आणि म्हणाले, "वैनगंगा इथूनच त् येते आपल्याकडं. म्हंजे रोज मी तुह्याच गावचं पाणी पितो. आज जवळून पेलो, एवढंच." मग छागल काढली. गळ्यापर्यंत तशीच भरलेली होती. "हात कर इकडं. माहेरचं आहे, पिऊन घे." यावेळी मी थेंबही सांडू दिला नाही.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. बाबा अगदी स्वच्छ आलेत, गडू तोंडाला, डोळे वर. हळद्या कुठेच नाही. पाहणारे विचारतात, काय पाहून राह्यले हे? मी सांगते. बाबा आता नाहीत. हळद्या होळीनंतर येतो, मोह अजून उभा आहे. आणि कोणी "आपका गाँव?" विचारलं की आता माझ्या तोंडून बालाघाटच निघतं. बाबांनीच म्हटलं होतं, तुह्याच गावचं पाणी.