काकांचं धोतर आणि तापलेला कातळ

मिठबावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, गावातल्या काकांनी भर दुपारी धोतर वाळत घातलं होतं. कातळ तव्यासारखा तापलेला. अचानक गरम वाऱ्याचा भोवरा उठला आणि धोतर गरगरत थेट घारींच्या पंगतीला जाऊन बसलं. काका लंगोटीवर!

देव कोपला म्हणून सगळे गावकरी हात जोडून त्याला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मी नवा शाळामास्तर. कातळाने हवा तापते, हलकी होते, वर जाते, हे सांगून माझा घसा बसला. ऐकतो कोण!

शेवटी चिडून मीच गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, कातळ तापता, हवा हलकी होता आणि वर जाता..."

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला होकार द्यायच्या सवयीने सगळे एकसुरात ओरडले. सगळ्यांत मोठ्याने काका.

वर्गात इतकं एकमुखी उत्तर मला निवृत्तीपर्यंत मिळालं नाही.