परातीचं पाणी

केजच्या बाहेर, डांबरी रस्ता संपून मातीची वाट सुरू होते तिथं आश्रुबांचं दोन खोल्यांचं घर. एसटीत मेकॅनिक म्हणून तीस वर्षं त्यांनी इंजिनं उघडली, पुसली, परत बसवली. पण श्रावणात बायको गेली आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात हळदीचा डबा कुठला हे त्यांना कळेना झालं.

दिवाळीला पुण्याहून मुलगी आली, मंजुषा. मोरीत तीन दिवसांची भांडी, करपलेला कुकर, ओट्यावर मुंग्यांची रांग. तिनं सगळं घासूनपुसून काढलं आणि जाताना एवढंच सांगून गेली, की महिन्यानं परत येते. तेव्हाही असंच दिसलं तर घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार. लेकीचं चुकत नव्हतं, हे आश्रुबांना समजत होतं. पण पुण्यात तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आपण दिवसभर काय करायचं, हे त्यांना उमगेना. इथं सकाळी फाट्यावरचा चहा होता, ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून जात होते, दाराशी बायकोनं लावलेला कढीपत्ता होता.

शेजारी भिवराबाई राहायची. वय पासष्टीच्या पुढं. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते, ती दोन नातींना घेऊन मागं राहिली होती. भांडी घासायला एखादी बाई मिळेल का, हे विचारायला आश्रुबा दबकतच तिच्या अंगणात गेले.

"एकट्या मानसाला बाई कावून पायजे, भावजी?" ती म्हणाली. "भांडी व्हत्यात तरी किती?"

अकरा, आश्रुबांनी खरं ते सांगितलं. काय केलं होतं, असं तिनं विचारलं. वरणभात. वरणभाताला अकरा भांडी, असं ती स्वतःशीच दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "उद्या दुपारून येऊन बसा. काय करू नका. निस्तं बगा."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा चुलीपाशी पाटावर बसले. समोर एक घागर पाणी, तांब्या, एक पातेलं, एक परात, दगडी खल आणि पळी. एवढ्यात काय होणार, असं त्यांना वाटलं. भिवराबाईनं आधी पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला. काजळी मातीला धरते, माती धुतली की पातेलं मोकळं, हे तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं. खलात लसूण, मिरच्या, जिरं, मीठ कुटलं. निम्मं वाटण परातीतल्या हुलग्याच्या पिठात गेलं, निम्मं पातेल्यातल्या तापलेल्या तेलात. मग तिनं खलात तांब्यातलं पाणी ओतलं, बोटांनी सगळ्या अंगानं फिरवलं आणि ते हिरवट पाणी फोडणीत सोडलं. रस्सा सुरू झाला आणि खलही धुऊन झाला.

पीठ मळून तिनं तळहातांवर शेंगोळे वळले, करंगळीएवढे बारीक, टोकं जुळवलेली कडी. उकळत्या रश्शात ते एकेक पडले. परातीला पीठ चिकटलं होतं, हातालाही. तिनं परातीत ओंजळभर पाणी घेतलं, त्यातच हात धुतले, कडा निपटल्या आणि ते दुधाळ पाणी पातेल्यात ओतलं. पातळ रस्सा बघता बघता दाट झाला. मग तीच परात पातेल्यावर पालथी टाकली. वाफेनं उरलंसुरलंही सुटलं.

शेंगोळे शिजले तेव्हा घासायला काहीच उरलं नव्हतं. घागर अर्ध्याच्या वर भरलेली होती. आश्रुबा त्या घागरीकडं बघतच राहिले. इंजिन उघडून बसवलं तरी खाली एक नट पडत नाही आणि कापडाला तेलाचा डाग लागत नाही, असा एकच उस्ताद त्यांनी नोकरीत पाहिला होता. आज दुसरा पाहिला.

कुठं शिकलात, त्यांनी विचारलं. भिवराबाईनं ते हळूहळू सांगितलं. बत्तीस हंगाम ती उसाच्या फडात गेली. कोपीपासून, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीपासून विहीर लांब, आणि कोयता हातात घ्यायच्या आधी पाण्याची एकच खेप व्हायची. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तिनं माहेरच्या सवयीनं भांडी घासली, भरपूर पाणी घेऊन, लखलखीत. दुपारी नवऱ्यानं घागर कलती केली तर तळाशी घोटभर. त्यानं तेवढं तिला पाजलं आणि कोरड्या घशानं ऊस तोडत राहिला.

"तवापासून मी भांडं घासत न्हाई," ती म्हणाली. "त्याला घाणच हू देत न्हाई."

महिनाभर आश्रुबा दुपारी तिथं जाऊन बसले आणि संध्याकाळी घरी खिचडी, पिठलं करून बघू लागले. मोरीतली भांडी अकरावरून सहावर आली, मग तीनवर. शेंगोळे मात्र त्यांनी मंजुषासाठी राखून ठेवले. तिची आई करायची.

मंजुषा रविवारी आली. पिशवीतून चिवड्याचा डबा काढताना आतलं नवंकोरं कुलूप आश्रुबांना दिसलं. त्यांनी तिला बाहेर कढीपत्त्यापाशी बसवलं आणि गॅस पेटवला. वाटण मिक्सरमध्ये केलं, भांड्यात पाणी फिरवून फोडणीत ओतलं. सगळं आठवत होतं, फक्त भिवराबाई मीठ नेमकं कुठं घालते एवढं आठवेना. म्हणून त्यांनी वाटणात घातलं, पिठात घातलं आणि रश्शातही घातलं.

शेंगोळे शिजत आल्यावर पळी तोंडाला लावली तर खारट.

एरवी त्यांनी पातेलं मोरीत सारलं असतं आणि फाट्यावरून भजी आणली असती. हात थरथरत होते. कुलूप डोळ्यांपुढून हलेना. तरी त्यांनी परात पुन्हा ओढली, पीठ घेतलं, नुसत्या पाण्यात मळलं, मिठाचा कणही घातला नाही. दहा-बारा शेंगोळे वळून पातेल्यात सोडले, परातीचं पाणी वर ओतलं, परात पालथी घातली आणि बसून राहिले.

मंजुषानं दोनदा वाढून घेतलं. ताट ठेवायला गेली आणि मोरीपाशी थबकली. मोरी कोरडी होती. कोणी शिकवलं, तिनं विचारलं. आश्रुबांनी एक वाटी भरली आणि तिला शेजारी घेऊन गेले.

भिवराबाईनं वाटीतला एक शेंगोळा खाल्ला, मग दुसरा. "मीठ जास्ती झालं व्हतं न, भावजी?"

हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"बारीक हायेत ते पयले. जाड हायेत ते मागून घातलेले, आतून अळनी," ती म्हणाली. "जाड वळताना हात कापत व्हता. पर रस्सा ठिकाणावर आनलात, नासू न्हाई दिला." मग मंजुषाकडं वळून म्हणाली, "तुझा बाप आता उपाशी ऱ्हात न्हाई, बाई."

वाटी संपवून तिनं तिच्यात घोटभर पाणी घातलं, फिरवलं, पिऊन टाकलं आणि वाटी परत दिली. मंजुषा त्या वाटीकडं आणि मग भिवराबाईच्या हातांकडं बघत राहिली, महिन्यापूर्वी आश्रुबा घागरीकडं बघत राहिले होते तशी.

घरी आल्यावर तिनं पिशवीतलं कुलूप काढलं आणि किल्लीसकट दाराच्या खिळ्याला अडकवलं.

"राहू द्या इथं, आबा," ती म्हणाली. "नारायणगडाला जत्रेला जाल तेव्हा लागेल."