दुधनीहून आलेला दगड

सासूबाई गेल्यानंतर सासऱ्यांना आम्ही धुळ्याहून सिल्वासाला आणलं. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली होती. साखळी ओढत आणि हद्दीचे दगड शोधत त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातला होता. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून असत. मराठी पेपर इथे दुपारी येतो, तोपर्यंत त्यांच्यापुढे काहीच नसे. मी त्यांना बाबा म्हणते. आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का, ठेव. वाढू का, वाढ. माझा नवरा राखोलीच्या फॅक्टरीतून संध्याकाळी उशिरा यायचा, तेव्हा दोघांमध्ये हवापाण्याच्या चार गोष्टी होत. बस.

तळमजल्यावर एक काका-काकू राहत होते. काका डहाणूकडचे, इथल्याच एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायचे, आणि रागावले की हिंदीत. काकूंचं माहेर दुधनीजवळचं. मधुबन धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेलं तेव्हा त्या लग्न होऊन बाहेर पडलेल्या होत्या. आता त्यांना विसरण्याचा आजार होता. मुलगी वलसाडला, त्यामुळे काकाच त्यांना अंघोळ घालायचे, वेणी घालायचे. वेणी इतकी घट्ट असे की काकूंच्या भुवया वर ओढल्या जायच्या. मी कधी कधी जाऊन ती सैल करून देई.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच खाली गेलं, आणि काकूंच्या भाच्याला काठच्या गाळात एक कोरीव दगड सापडला. त्यानं काकांना फोन केला. काका तो टेम्पोत घालून घेऊनच आले आणि पार्किंगमध्ये, मोटरच्या खोलीच्या सावलीत, दोन विटांवर ठेवला.

दगड काळा, जेवायच्या पाटापेक्षा थोडा मोठा. एक कोपरा तुटलेला. वर एकात एक असे चौकोन कोरलेले, बाहेरच्या चौकोनाच्या रेघा झिजून गेलेल्या. मध्ये मध्ये छोटे खळगे. एका कडेनं नागमोडी रेघ गेलेली आणि वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखं काहीतरी. काकांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला की हा खजिन्याचा नकाशा आहे. चौकोन म्हणजे गढीचे तट, नागमोडी रेघ म्हणजे दमणगंगा, आणि खळगे म्हणजे माल पुरल्याच्या जागा. पोर्तुगीज पळाले तेव्हा सगळं बरोबर थोडंच नेलं असणार, असं त्यांचं म्हणणं.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला. कुणी म्हणालं, देवळाची फरशी आहे. कुणी म्हणालं, टाइल कापायच्या मशीननं कालपरवा केलेलं काम आहे, असले दगड हायवेवर विकायला असतात. दोन दिवसांनी लोकांचा उत्साह संपला. पण बाबांनी माझ्या फोनवर तो फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि चपला घालून खाली गेले. कुणी सांगितल्याशिवाय ते खाली उतरल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

वर आल्यावर म्हणाले, "नकाशा नाही तो. खोटं आहे सगळं."

मला वाटलं, संपला विषय. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते पुन्हा खाली गेले. मग रोजच जाऊ लागले. मी गॅलरीत कपडे वाळत घालताना खालून दोघांचे आवाज येत. बाबांचे मुद्दे मोजणीखात्यातल्या माणसाचे होते. नकाशाला उत्तर दिशा लागते, ती इथं कुठे आहे? प्रमाण कुठे आहे? नदी जर ही असेल तर ती गढीच्या इतकी जवळ कशी? काका म्हणायचे, चोर माणूस प्रमाण लिहून ठेवील काय? बाबा म्हणाले, नागमोडी रेघ कोरलेली नाहीच, पाण्यानं दगडाची शीर उघडी पडली आहे. काकांनी फिटरचा हात लावून सांगितलं की छिन्नीचा घाव आहे, बोटाला कळतो. दोघांनी रेघांत तांदळाचं पीठ भरून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं, उन्हात आरसा धरून पाहिलं. पिठामुळे मुंग्या झाल्या, त्यावरून वॉचमन कुरकुरला.

एकदा बाबा म्हणाले की ज्याला खजिना पुरून परत यायचं आहे तो एकट्याला उचलता न येणाऱ्या दगडावर नकाशा कशाला काढील? काका म्हणाले, "परत येणाऱ्याला नकाशा लागत नाही, भाऊ. आपण आता येणार नाही हे ज्याला कळतं, तो मागच्यांसाठी काढून ठेवतो."

त्या रात्री जेवताना बाबांनी ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "तर्क चुकीचा आहे. पण माणूस विचार करतो." मग ते सासूबाईंबद्दल बोलले. आजारपणात त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवली होती, म्हणजे बाबांना सापडावं. मला हे माहीत नव्हतं. बाबांनी आपणहून सासूबाईंचं नाव काढण्याची ती पहिली वेळ होती. मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहिले, ती एका बाजूनं करपली.

काकांना पैशांची हाव नव्हती. खजिना मिळाला तर काय कराल, असं मी एकदा विचारलं तर त्यांना काही सांगताच आलं नाही. म्हणाले, "बेटा, दिवसभर घरात एकच प्रश्न असतो, तुम्ही कोण, माझ्या घरी काय करता. त्याचं उत्तर देऊन खाली येतो तेव्हा दुसरं काहीतरी डोक्यात पाहिजे ना." हे म्हणताना ते काकूंचा गाऊन पिळत होते.

तो उन्हाळा चिंचेचा होता. कुणीतरी सुरंगी गावाहून पोतंभर चिंच आणून दिली होती आणि ती फोडायला मी दुपारी पार्किंगच्या सावलीत बसायचे, कारण तिथे वारा असतो. काकूंनाही बरोबर बसवायचे. त्यांच्या हातात चिंच दिली की त्या शांत राहत. चिंचोके एका ताटलीत जमत. शेजारी बाबा आणि काकांचं चालू असे. त्या दिवशी वाद चंद्रकोरीवर आला होता. काकांच्या मते ती तिथी दाखवत होती. बाबा म्हणत होते, जमीन दान दिल्याच्या दगडावर चंद्रसूर्य असतात, पण मग सूर्य कुठे गेला? काका म्हणाले, तुटक्या कोपऱ्यात.

काकू उठल्या. ताटलीतले मूठभर चिंचोके घेऊन त्या दगडाशी जाऊन खाली बसल्या. मला वाटलं टाकतील किंवा तोंडात घालतील, म्हणून मी मागोमाग गेले. त्यांनी एक चिंचोका एका खळग्यात ठेवला. मग वर बाबांकडे पाहिलं.

"दादा, तुझा डाव," त्या म्हणाल्या.

काकूंनी आजूबाजूला पाहिलं, कुंडीतले बारके खडे उचलले आणि बाबांच्या पुढ्यात ठेवले. "नवकांकरी. तू खडे घे, मी चिंचोके. नेहमी तू चिंचोके घेतो."

बाबांना तो खेळ येत नव्हता. पण ते मांडी घालून बसले. उन्हाळ्याआधी खुर्चीतून उठताना माझा हात धरणारा माणूस तसा सरळ जमिनीवर बसला आणि त्यानं एक खडा ठेवला. काकूंनी तो उचलून दुसऱ्या खळग्यात ठेवला आणि म्हणाल्या, "असं नाही, रेघेवर." तीन चिंचोके एका रेघेत आले की समोरच्याचा खडा उचलायचा, हे बाबांना खडे गमावत गमावतच कळलं. तुटलेल्या कोपऱ्यावर दगड नव्हताच, पण काकू तिथला चिंचोका खाली विटेवर ठेवत, त्यांच्या हिशेबी तो कोपरा होता. बाबा हरले. काकू हसल्या. त्यांचं हसणं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. खालच्या पट्टीतलं, खट्याळ हसणं होतं.

काका मोटरच्या खोलीला टेकून उभे होते. नंतर त्यांनी काकूंना हाताला धरून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. बाबा मला म्हणाले, "आता ते दगडाचं नाव काढणार नाहीत." वाद ते जिंकले होते, आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

पण सकाळी काका हजर. म्हणाले, हा तिच्याच गावचा दगड आहे, लहानपणी ती यावरच खेळली असणार, नाहीतर तुटका कोपरा तिला कसा माहीत? आता हा नवा प्रश्न उभा राहिला. खरं तर त्याला उत्तर होतं: ज्याला खेळाचा पट पाठ आहे त्याला कोपरा तुटलेला असला तरी कळतो, आणि असे पट कुठल्याही जुन्या गावात ओट्यावर, पायरीवर कोरलेले असू शकतात. मला सुचलं म्हणजे बाबांना नक्कीच सुचलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिचाच असेल."

वर आल्यावर मी विचारलं, तुम्ही पुरावा कसा नाही मागितला? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना त्यांची जमीन कुठवर आहे ते सांगितलं. कितीदा तरी माणसं समोर रडली. एवढं एक मोजलं नाही तर काय होतं?"

त्यानंतर पावसाळाभर खेळ चालला. पाऊस आत यायचा तेव्हा आम्ही दगडावर छत्री धरायचो. काकू रोज खेळत नसत. काही दिवशी त्यांना दगड ओळखू येत नसे आणि आम्हीही. पण चांगला दिवस असला की त्या बाबांना दादा म्हणत आणि हरवत. बाबांना बहीण नव्हती. राखीपौर्णिमेला वलसाडची मुलगी आली होती, तिनं आईच्या हातून बाबांना राखी बांधवली. बाबांनी ती दिवाळीपर्यंत काढली नाही, दोरा काळा पडला तरी. काकांशी मात्र काकू खेळत नसत. त्यांच्यासाठी ते अजून घरात आलेले परके पुरुष होते. काका शेजारी स्टूल टाकून बसत आणि हरलेले खडे गोळा करून देत. एका संध्याकाळी काकूंनी त्यांच्या हातातून खडे घेतले आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?" काकांनी जेवलो म्हणून सांगितलं. ते जेवले नव्हते. मी त्यांचं ताट घेऊन गेले तेव्हा दार उघडून त्यांनी मला काकूंनी जेवणाचं विचारल्याची गोष्ट सांगितली, आणि दारात उभ्यानंच पुन्हा सांगितली.

थंडीच्या सुरुवातीला काकूंचं गिळणं बंद झालं आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दमणगंगेवर सगळं झालं. बाबा माझ्या नवऱ्याच्या खांद्याला धरून शेवटपर्यंत उभे राहिले.

काका घराबाहेर येईनासे झाले. मुलगी त्यांना वलसाडला न्यायला आली, ते गेले नाहीत. मी डबा द्यायचे, डबा धुऊन परत यायचा, पण काका दिसत नसत. दगडावर कुणीतरी स्कूटर टेकवून ठेवायला लागलं. बाबा पुन्हा गॅलरीत बसू लागले. मला भीती वाटली की आता हे सगळं होतं तसं होणार.

एका सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. आपण कुठे जातोय ते सांगितलं नाही. मी जिन्यातून ऐकलं. त्यांनी काकांची बेल वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"मी विचार केला," बाबा म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. तो नकाशाच असावा."

बाबा पुढे म्हणाले की पट असला तरी पटाला नागमोडी रेघ कशाला हवी? आणि चंद्रकोर? तिचा खेळाशी काय संबंध? खेळाच्या आडून कुणीतरी खूण करून ठेवली असली पाहिजे. हे सगळं ते अगदी गंभीरपणे, मुद्द्यावर मुद्दा ठेवत बोलले.

"काय बोलता, भाऊ," शेवटी काका म्हणाले. आवाज बसलेला होता. "पाण्याची शीर आहे ती. तुम्हीच तर सांगितलं."

"मी चुकलो असेन. छिन्नीचा घाव आहे. बोटाला कळतो."

"कळत नाही."

"मग दाखवा."

मी खाली वाकून पाहिलं तर काका पायांत चपला अडकवत होते. बाबांनी त्यांच्या दाराला कडी घातली. दोघं पार्किंगमधून हळूहळू चालत गेले, स्कूटर बाजूला केली, आणि काकांनी दगडावर हात ठेवला.

अजून वाद मिटलेला नाही. आता बाबा नकाशाच्या बाजूनं आहेत आणि काका खेळाच्या. गेल्या महिन्यात बाबांनी मला दुधनीकडचा, खानवेलच्या बाजूचा मोठा नकाशा कुठे मिळेल विचारलं, आणि तो आणल्यावर तळमजल्यावर काकांच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. मी भाजी द्यायला गेले तेव्हा दोघं त्याच्यावर ओणवे होऊन भांडत होते. काकांची दाढी केलेली होती. त्यांनी मान वर न करता भाजी कसली आहे ते विचारलं, आणि मी गवार म्हटल्यावर तोंड वाकडं केलं.