शेवटचा प्रश्न

लॉकडाऊनमध्ये मी नेदरलँड्सच्या झूटरमेर शहरातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना किराणा पोचवायचो. दारात दीड मीटर लांब उभं राहून स्वयंसेवकांच्या फॉर्मवरचे प्रश्नही विचारायचे. शेवटचा प्रश्न होता, जगणं नकोसं वाटतं का?

तिसऱ्या मजल्यावर एक सुरिनामी आजी राहायच्या. त्यांचे पणजोबा बिहारहून सुरिनामला गेलेले, त्यामुळे आमचं हिंदीत जमायचं. पिशवी घेण्याआधी त्या डोक्यावरची ओढणी सारखी करायच्या आणि कधी रिकाम्या हाताने पाठवायच्या नाहीत. निदान एक संत्रं तरी द्यायच्याच.

शेजारच्या डच आजोबांना मी तो प्रश्न न चुकता विचारायचो. आजींच्या फॉर्मवर मात्र मीच ‘नाही’ लिहून टाकायचो. घरात देव आहेत, मुलगा रोज फोन करतो. आपल्या माणसांना असलं काय विचारायचं!

एका सकाळी त्यांनी पिशवी घेतलीच नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “बगलवाले से आखिर में जो पूछते हो, हमसे काहे नहीं पूछते, बेटा?”

मी विचारलं.

त्या ‘हो’ म्हणाल्या. माझ्या हातातल्या फॉर्मवर ‘नाही’ होतं. जिना चढतानाच लिहिलेलं.