मामांचा आलाप आणि माझा तापट ॲम्प्लिफायर

आमच्या घरात गाणी ऐकण्यासाठी एक यंत्र आहे, आणि त्यावर गाणी लावायला सक्त मनाई आहे. यंत्र मी स्वतःच्या हातानं बनवलेलं आहे. मनाई आईनं केलेली आहे.

या सगळ्याचं मूळ माझ्या लग्नात आहे. माझे सासरे, म्हणजे गुंजवण्याचे मामा, गायन पार्टीतले नामांकित गायक. भीमजयंतीला मामांची पार्टी उभी राहिली की भोरपासून वेल्ह्यापर्यंतची माणसं टेम्पो करून यायची (असं मामा सांगतात). तर लग्नाच्या वरातीत मला ठेक्याच्या बरोबर उलटा पाय टाकताना बघून मामांनी चारचौघांत निकाल दिला, "पोरगं सोभावानं चांगलं हाय, नोकरी बी बरी हाय. पन कानानं कच्चं!" झालं! गवयाच्या घरचा जावई, आणि कानानं कच्चा! तेव्हापासून मामांच्या तोंडून "जावईबापूंना कान हाय" एवढं एक वाक्य ऐकायचं, हाच माझा ध्यास. बायको, वैशाली, म्हणायची, "त्यापेक्षा एक सदरा घ्या त्यांना. खूश होतील."

मामांकडे त्यांच्याच अंगणात झालेल्या एका जुन्या कार्यक्रमाची कॅसेट होती. तिच्यातला एक आलाप आमच्या खानदानात गाजलेला. "त्या आलापाला तुमच्या मामींच्या डोळ्यांत पानी आलं व्हतं, जावईबापू!" हे मामा दर सणाला सांगायचे, आणि मामी दर सणाला नेमक्या त्याच वेळी भाकरी उलटायला आत जायच्या. पण घरच्या टेपवर कॅसेट लावली की नुसती खरखर. शेंगा भाजतायत की माणूस गातोय, कळायचं नाही. मी मनाशी ठरवलं, हाच आलाप मामांना असा ऐकवायचा की ढोलकीवाल्याची बोटं दिसली पाहिजेत! कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि ॲम्प्लिफायर बांधायला बसलो.

बाजारात तयार मिळत नाही का? मिळतो. पण दर्दी माणूस स्वतः बांधतो, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. त्यातही मी निवडला 'क्लास ए' नावाचा प्रकार. आवाज सगळ्यांत निर्मळ. खोड एकच, गाणं चालू असो नसो, हा आपला कायम तापलेला. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या जाडजूड पट्ट्या लावायच्या, उष्णता बाहेर फेकायला. पुण्याहून पार्ट आणले, भोरच्या वेल्डरकडून पत्र्याची पेटी करून घेतली, आणि मार्गासनीच्या आमच्या घरात सोल्डरिंगचा असा धूर केला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "डास लई झाल्यात का?" पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा घरातले दिवे गेले. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा मात्र चालू झाला! आईनं वरून हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"आरं, तापलंय हे!"

"तापायलाच पाहिजे, आई."

"गानं कुठं लावलंय आजून?"

"गाणं नसलं तरी तापतो."

"मंग करतो काय ह्यो?"

"तयारीत राहतो."

"तुझ्या वडलांसारखाच म्हन की," आई म्हणाली. "काम न्हाई, पन गरम कायम." (वडील पडवीत होते. त्यांनी खोकून निषेध नोंदवला.)

आता आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय सांगू! आषाढात दोरीवर घातलेला टॉवेल श्रावणात सुद्धा ओलाच. दुसऱ्या दिवशी कचेरीतून घरी येतो तर माझ्या ॲम्प्लिफायरवर वडिलांचे पायमोजे. तिसऱ्या दिवशी वैशालीची ओढणी. मी ओरडलो, "अगं, त्याला वारा लागतो! जळेल तो!" तर ती म्हणते, "अहो, पण काय छान वाळतंय! पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं बनवलंत." लग्नानंतरचं हे तिचं पहिलं कौतुक, आणि तेही ओढणीसाठी.

इथवर चालून गेलं असतं. पण बोक्यानं घात केला. आईची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, तिलाच त्यानं उचललं. अंडी अर्धवट उबवलेली. आईनं पदर डोळ्याला लावला, मग पदर खाली घेतला आणि माझ्या ॲम्प्लिफायरकडे बघितलं. मी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिलो!

"आई, नाही. अजिबात नाही."

"जीव हाय रं त्यांच्यात."

टोपलीत भाताचं तूस, तुसात अंडी, वर जुनं धोतर, आणि टोपली माझ्या ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर! शेजारी पाण्याची वाटी. हुकूम सुटला, यंत्र बंद करायचं नाही, आणि वाजवायचंही नाही. "आवाजानं आतली पिल्लं हादरत्यात." लाईट गेली की आईचा आवाज यायचा, "पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, इन्व्हर्टरवर अंडी घ्या!" आम्ही सगळे उकाड्यात बसायचो आणि अंडी उबेत.

त्यातच वैशालीनं फोनवर माहेरी सांगून टाकलं, की ह्यांनी दादांचं (म्हणजे मामांचं) गाणं ऐकवायला काहीतरी बनवलंय. रविवारी मामा-मामी दारात हजर! मामांच्या अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं. "जय भीम, जावईबापू! दावा तुमची कला." मी आईकडे बघितलं. व्याही समोर उभे, करते काय बिचारी! म्हणाली, "एकच गानं. आन् हळू."

मी गाणं लावलं.

काय सांगू! ढोलकी येऊन दिवाणावर शेजारी बसली. झांजेची किणकिण स्वच्छ. मागं कुणाचं तरी बाळ रडलं, ते सुद्धा स्वच्छ. मामांनी डोळे मिटले. गुडघ्यावर हात ताल धरू लागला. मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. माझा ऊर भरून आला. वाक्य अगदी ओठांवर होतं त्यांच्या! तेवढ्यात तो जगप्रसिद्ध आलाप आला. गाण्यातले मामा थांबले, श्वास घेतला, आणि त्या थांब्यात, निर्मळ आवाजात, एक बाई म्हणाली,

"आलं बाई! आता ह्यांचं आऽऽ सुरू व्हईल. चल, तवर भात उतरवून येऊ."

बांगड्या वाजल्या. पावलं लांब गेली. मग आलाप सुरू झाला. लांबतच गेला.

मामांनी दोन्ही डोळे उघडले. "ह्यो आवाज कुनाचा?"

"मला काय म्हाईत!" मामी म्हणाल्या. "आसंल कुनीतरी."

"'ह्यांचं' म्हनली ती."

"समद्याच बायका म्हनत्यात तसं."

"मंग डोळ्यांत पानी आलं व्हतं ते?"

"आलं व्हतं की! म्या कवा न्हाई म्हनलं? वली लाकडं, चुलीचा धूर काय थोडा व्हता का!"

मी गडबडीनं आवाज बारीक करायला धावलो. बटण उलटं फिरवलं गेलं, आणि गाण्यात परत आलेली तीच बाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी कडाडली, "झालं न्हाई व्हय आजून? मंग आमटी बी बघून येऊ!"

भिंत हादरली. टोपली घसरली. मी सूर मारला! टोपली छातीशी, तूस डोक्यावर, मी जमिनीवर, आणि आई किंचाळतेय, "मेली! समदी मेली!" वैशालीनं वायर ओढली. सगळीकडं चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या छातीवर बारीक आवाज आला, "च्यूक."

एक चोच बाहेर आली होती. मग दुसरी. आई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मामींनी चटकन धोतर पसरलं. मामा गुडघे टेकून पुढं आले आणि एक ओलंचिंब पिल्लू त्यांनी तळहातावर घेतलं. भांडण मिटलं नव्हतं, पण थांबलं होतं. माझ्याकडं मात्र कुणी बघितलं नाही. मी तसाच तूस झटकत बसलो.

संध्याकाळी त्यांना एसटीला पोचवायला गेलो. मामी पुढं, मामा चार पावलं मागं. गाडी दिसली तेव्हा मामांनी माझा हात धरला.

"जावईबापू, असलं एक यंत्र मला बी करून द्या."

"देतो की, मामा! याच्यापेक्षा भारी देतो! स्पीकर तर असे बनवतो की..."

"त्ये न्हाई पायजेत," मामा हळूच म्हणाले, मामींकडं एक नजर टाकून. "तुमी निस्तं तापंल आसं करा. आमच्याकडं बी पावसात पिल्लं जगत न्हाईत. बोलनारं नगं."

मी जागच्या जागी हो म्हणालो. एवढ्या कानाच्या माणसानं आपल्या हातचा ॲम्प्लिफायर मागून घ्यावा, हे भाग्य काय सगळ्यांना लाभतं!